द्राक्षरस व मळी यांचे किण्वन : कुपीपासून कारखान्याच्या टाकीपर्यंत

दुधास विरजण लावून दही करणे, द्राक्षरसापासून वाइन करणे आणि मळीपासून इथेनॉल काढणे ह्या तिन्ही क्रिया एकाच जातीच्या आहेत. डोळ्यांस न दिसणारे जीव एका पदार्थावर आपला निर्वाह करितात व दुसरा पदार्थ मागे ठेवितात. ह्यास किण्वन म्हणतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांस हा विषय परका नाही. नारायणगावच्या आसपास द्राक्षबागा आहेत. जुन्नरात विघ्नहर व आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने असून त्यांच्या भागभांडवलात येथील ऊस-उत्पादकांचाच पैसा आहे. यास्तव प्रयोगशाळेत साधलेले किण्वन मोठ्या टाकीत का बिघडते, हे सभासदांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पुष्कळांची समजूत अशी की, कुपीत एक लिटर साधले म्हणजे एक लाख लिटर साधण्यास फक्त मोठे भांडे पाहिजे. ही समजूत कोठे चुकते ते आता क्रमाने पाहू.

1. उष्णता

भांड्याची लांबी, रुंदी व उंची दहापट केली तर त्यात मावणारा रस हजारपट होतो. पण ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर पडावयाची तो शंभरपटच वाढतो. साखर आंबताना उष्णता उत्पन्न होते. कुपीत ती कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण काच ती तत्काळ बाहेर टाकते. मोठ्या टाकीत ती कोंडून राहते. 20 ब्रिक्सच्या द्राक्षरसातील सर्व साखर आंबली आणि उष्णतेस वाट मिळाली नाही, तर रसाचे तापमान सुमारे 26 अंशांनी चढेल असा हिशेब आहे. रस मुळात 25 अंशांवर असेल तर तो 50 अंशांपाशी पोहोचेल. प्रत्यक्षात तत्पूर्वीच यीस्ट निकामी होते आणि बरीच साखर न आंबता तशीच राहते. म्हणून टाकीभोवती थंड पाणी खेळविणे किंवा रस शीतक यंत्रातून फिरविणे ही चैनीची गोष्ट नव्हे. हा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

2. बीजवृद्धी

टोमॅटोचे बी कोणी एकदम शेतात फोकत नाही. आधी रोपवाटिका करितो. यीस्टचेही तसेच आहे. नळीतील शुद्ध वाण प्रथम 100 मिलिलिटर रसात, मग 1 लिटरात, मग 10, 100, 1,000 आणि 10,000 लिटरांत, असे दर पायरीस सुमारे दहापट वाढवीत न्यावयाचे असते. पायरी गाळली तर थोड्या यीस्टला फार मोठ्या रसाचा ताबा घ्यावा लागतो आणि मधल्या वेळात इतर जंतू तेथे घर करितात. वाढीच्या काळात यीस्टला हवाही लागते. कुपी हलविली की ती पुरते. खोल टाकीत ती मुद्दाम फुंकावी लागते.

3. स्वच्छता

प्रयोगशाळेत कुपी व रस दाबाच्या वाफेने निर्जंतुक करितात. कारखान्यात मळीच्या सर्व द्रावणास तसे करणे परवडत नाही. तेथे द्रावणाची आम्लता योग्य राखणे, सशक्त बीज भरपूर घालणे आणि नळ, झडपा व सांधे यांतील कोपरे धुऊन काढणे हेच उपाय आहेत. एका कोपऱ्यात साचलेली मळी पुढच्या प्रत्येक घाण्यास आंबटपणाचे विरजण लाविते. एक लाख लिटरच्या टाकीत 9 टक्क्यांऐवजी 8 टक्केच अल्कोहोल उतरले, तर एका टाकीमागे 1,000 लिटर अल्कोहोल बुडाले असे समजावे.

4. वायू व सांडपाणी

100 किलो ग्लुकोजपासून, हिशेबाने, सुमारे 51 किलो अल्कोहोल व 49 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे रिकाम्या टाकीच्या तळाशी बसतो. कुपीत तो निरुपद्रवी असतो. टाकी धुण्यास उतरलेल्या माणसाचा मात्र तो क्षणात प्राण घेतो, आणि त्यास वाचविण्यास धावलेल्याचाही. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत येथे विश्वासाची नाही. अल्कोहोलच्या वाफेत तीच आगीस कारण होईल. वायुमापक यंत्राने परीक्षा केल्यावाचून व बाहेर दोर धरणारा मनुष्य ठेविल्यावाचून कोणासही आत उतरू देऊ नये.

अल्कोहोल काढून उरणारे काळे पाणी, ज्यास स्पेंटवॉश म्हणतात, ते दर लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर निघते. रोज 30,000 लिटरच्या डिस्टिलरीत हे पाणी कमीत कमी 2,40,000 लिटर होईल. ते आटवून जाळणे किंवा प्रेसमडबरोबर खत करणे ह्याची तजवीज आधी नसेल, तर कुकडी, मीना व घोड ह्या नद्या आणि त्यांच्या काठच्या विहिरी ह्यांवरच संकट येईल.

5. मधली पायरी

कुपीतून थेट कारखान्यात उडी मारू नये. आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील राहू येथे, प्राज कंपनीने पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याचे प्रात्यक्षिक संयंत्र 2017 साली उभारले. त्याची शक्ती दिवसास 12 टन अवशेषांची होती. ह्याच तंत्रावर पानिपतचा दिवसास 1,00,000 लिटरचा प्रकल्प 2022 च्या ऑगस्टात राष्ट्रास अर्पण झाला. मधल्या पायरीवर गेलेला काळ वाया गेला असे आम्हास वाटत नाही. तेथे झालेली चूक स्वस्तात पडते.

नारायणगावचा अनुभवही बोधप्रद आहे. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्याने तेथे फेसाळ वाइनचा कारखाना काढला. ह्या वाइनच्या पारंपरिक रीतीत पहिले किण्वन टाकीत होते आणि दुसरे प्रत्येक बाटलीत. दर लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर घालून बाटली बंद केली की आतील दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. म्हणजे भांड्याचा आकार मोठेपणासाठी ठरत नाही. तो कामाच्या गरजेवरून ठरतो. ह्या कारखान्याची वाइन परदेशीही गेली. तथापि पुढे कर्जाच्या भाराने कंपनी अवसायनात निघाली. तंत्राचा विस्तार साधला तरी पैशाचा विस्तार वेगळा सांभाळावा लागतो. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात खपत नाहीत, तेव्हा एकाच गिऱ्हाइकासाठी बाग लावणाराने हे विशेष ध्यानात ठेवावे.

सभासदांनी विचारावयाचे प्रश्न

किण्वनाच्या नव्या प्रकल्पास मत देण्यापूर्वी वार्षिक सभेत पुढील गोष्टी विचाराव्यात, अशी आमची सूचना आहे. ही रीत किती लिटरपर्यंत प्रत्यक्ष सिद्ध झाली आहे? एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात टाकी थंड ठेवण्यास पाणी कोठून आणणार? शुद्ध बीज कोण पुरविणार व त्याची परीक्षा कोण करणार? स्पेंटवॉश कोठे जाणार? कच्चा माल किंवा परवानगी अडली तर कर्जाचा हप्ता कशातून भागणार? केंद्र सरकारने 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी मनाई केली होती. ती पुढे शिथिल झाली, तरी हा प्रश्न कायम आहे.

ह्या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली तर शेतकऱ्याने निःशंक मनाने भाग घ्यावा. ती मिळत नसतील, तर आधी लहान टाकीत एक हंगाम काढून दाखवा, असे म्हणण्यास संकोच करू नये.