कायद्याच्या पहिल्या सत्रात गुण कमी पडले तर

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत दरवर्षी कायद्याची काही मुले-मुली येतात. गेल्या खेपेला पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि त्यांतली एक मुलगी येईनाशी झाली. बारावीला आणि बी. ए. ला तिने प्रथम वर्ग मिळवलेला. येथे मात्र एका विषयात ती नापास झाली आणि बाकीच्यांत काठावर सुटली. वडील शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. त्यांना तिने निकाल लागलाच नाही असे सांगितले होते. तीन आठवड्यांनी आमच्यापैकी दोघे घरी गेलो तेव्हा कळले की, शिक्षण सोडून गुजरीतल्या एका दुकानात कामाला लागण्याचे तिने मनात पक्के केले होते.

आम्ही तिला उत्तरपत्रिका पाहिली का म्हणून विचारले. तिने पाहिली नव्हती. बहुतेक विद्यापीठांत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते व पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येतो. पण त्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. रडण्यात आणि लपविण्यात गेलेल्या दिवसांत तिची मुदत निघून गेली होती. हे नुकसान गुणांपेक्षा मोठे असे आमचे मत आहे. घरी सांगायला धीर होत नसेल तर अभ्यासिकेत सांगा, पण पहिल्या आठवड्यात सांगा.

सुदैवाने एका वर्गमित्राने आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणली होती. त्यालाही तिच्याइतकेच गुण होते. ती आम्ही सर्वांनी मिळून वाचली. प्रश्न साधारण असा होता: सतरा वर्षांच्या मुलाने घर गहाण ठेवून कर्ज घेतले; सावकाराला गहाणखत अंमलात आणता येईल काय? मुलाने दोन पाने कराराची व्याख्या, प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल असे सगळे पाठ केलेले लिहिले आणि शेवटच्या ओळीत "करार रद्द होतो" म्हणून मोकळा झाला. लिहिलेले बहुतेक बरोबर होते, पण विचारलेले नव्हते.

परीक्षकाला हवे होते ते असे. मुद्दा एकच: अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम आहे काय? भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 11 सांगते की सज्ञान व्यक्तीच सक्षम. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या 1903 च्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळापासूनच शून्य ठरविला, शून्यकरणीय नव्हे. तेथेही गहाणखतच होते. मग हा नियम आपल्या प्रश्नातील मुलाला लावायचा आणि निष्कर्ष द्यायचा. पाऊण पानात उत्तर होते. शाळेत आणि बी. ए. ला भरपूर लिहिणाऱ्याला गुण मिळाले म्हणून येथेही मिळतील, या समजुतीने आपली हुशार मुले फसतात. इंग्रजीचेही असेच. ज्या विद्यापीठात मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे तेथे ती घेण्यात कमीपणा नाही. मात्र कलमांचे आणि खटल्यांचे इंग्रजी शब्द शेजारी पाठ हवेतच, पुढे निकालपत्रे त्याच भाषेत वाचावी लागतात.

आणखी एक सूचना. वडीलधाऱ्यांकडून किंवा रद्दीच्या दुकानातून मिळालेली भारतीय दंड संहितेची पुस्तके वापरताना सांभाळा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

बाबासाहेबांचे नाव आपण पदव्यांच्या यादीसह घेतो, त्यामुळे त्यांना सगळे पहिल्याच फटक्यात मिळाले असे मुलांना वाटते. 1907 साली मॅट्रिकला त्यांना 750 पैकी 282 गुण होते. 1916 साली ग्रेज इनमध्ये नाव घातले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये परतावे लागले. 1920 मध्ये पुन्हा लंडन. 1921 साली पैशाची तंगी झाली तेव्हा आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंडांचे कर्ज मागावे लागले. 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. डी. एस्सी.चा रुपयाविषयीचा प्रबंध मात्र 1923 मध्ये परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. पैसे संपत आलेले. ते मुंबईला आले, प्रबंध पुन्हा लिहून धाडला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पदवी मिळाली. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. 1935 साली हेच गृहस्थ मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. सहा जिल्ह्यांची कामे येथे चालतात. सुटीच्या काळात घरी बसून राहण्यापेक्षा महाविद्यालयातर्फे परवानगी काढून एक दिवस मागच्या बाकावर बसून या. वकील किती थोड्या शब्दांत मुद्दा मांडतो ते तेथे ऐकायला मिळते.

ती मुलगी आता पुन्हा येते. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत देणार आहे. आठवड्याला दोन उत्तरे लिहून दाखवते. पहिली चार आम्ही परत केली, पाचवे ठेवून घेतले. वडिलांना तिने स्वतःच सांगितले. ते म्हणाले, "फी भरायची कधी, तेवढं सांग." तुमच्यापैकी कोणाचा निकाल मनासारखा लागला नसेल तर संध्याकाळी अभ्यासिकेत यावे. येताना उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणावी. गुणपत्रक घरी ठेवले तरी चालेल.