दुचाकीस्वार आणि प्रवात : हेतू, परिणाम व उपाय

वातव्याधीच्या रुग्णास पथ्यापथ्य सांगताना ‘प्रवात वर्ज्य करावा’ हे वाक्य आपण सर्वच वैद्य लिहून देतो. अंगावर थेट येणारा वारा वाग्भटाचार्यांनी दिनचर्येतच टाळावयास सांगितला आहे. मात्र उदरनिर्वाहासाठी रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटारसायकल चालविणाऱ्या रुग्णाने हे वाक्य पाळावयाचे कसे, याचा विचार चिकित्सापत्रात क्वचितच आढळतो. आमच्याही चिकित्सापत्रात तो नव्हता. त्याची किंमत एका रुग्णाने मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

हेतुविचार

झाड स्थिर असताना वारा वाहतो, तर दुचाकीस्वार स्वतःच वाऱ्यात शिरतो. हवा पूर्ण पडलेली असली तरी ताशी ६० कि.मी. वेगाने जाणाऱ्या स्वारास तितक्याच वेगाचा वारा समोरून लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. ताठ बसलेल्या स्वाराच्या धडावर व डोक्यावर ताशी ३० कि.मी. वेगाला ढोबळमानाने २ किलो, ६० ला ८ ते ९ किलो आणि ९० ला १९ किलो भार पडतो. हा भार मान, खांदे व मनगटे तासन्‌तास पेलत असतात.

थंडीच्या दिवसांत यात शीत गुणाची भर पडते. हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी ६० कि.मी. वेगाच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांसारखा गारठा जाणवतो. याउलट विदर्भातील उन्हाळ्यात, तापमान ४३-४४ अंशांवर असताना, वारा थंडावा न देता उष्णताच पोहोचवितो आणि घाम क्षणात सुकवून शरीरातील द्रवांश हरण करतो. रूक्ष, शीत, चल व खर या गुणांनी वात कसा वाढतो हे येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. त्यातच हे स्वार लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी कमी पितात व आलेला वेग धरून ठेवतात. चरकाचार्यांच्या ‘नवेगान्धारणीय’ अध्यायाचे स्मरण येथे अवश्य व्हावे.

लक्षणे

मन्यास्तंभ, अंसशूल, हातास मुंग्या व शिरःशूल ही लक्षणे नेहमीची होत. नेत्रांत खुपणे, कोरडेपणा, उघडझाप करताना त्रास व सकाळी पापण्या जड होणे हे शुष्काक्षिपाकाशी मिळतेजुळते चित्र आढळते. कर्णनादाची तक्रारही दुर्लक्षू नये. ताशी १०० कि.मी. वेगाला हेल्मेटच्या आतही वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि असा आवाज वर्षानुवर्षे कानी पडल्यास श्रवणशक्ती कायमची उणावते.

एक अनुभव

नाशिकहून सिन्नरला कामासाठी रोज दुचाकीने जाणारा ३४ वर्षांचा एक विक्री प्रतिनिधी डिसेंबरमध्ये आमच्याकडे आला. आदल्या दिवसापासून तोंड वाकडे झाले होते, चूळ भरताना पाणी गळत होते, डावा डोळा मिटत नव्हता. कपाळाला आठ्याही पडत नव्हत्या; हातापायांचे बल व वाणी प्राकृत होती. अर्दिताचे निदान करून आम्ही स्थानिक स्नेहन-स्वेदन, नस्य व आभ्यंतर औषधे सुरू केली. पथ्याच्या कागदावर ‘वारा टाळावा’ हेही लिहिले. रुग्ण चिकित्सालयात कशाने आला व कशाने परत जाणार, हे मात्र विचारले नाही.

सहाव्या दिवशी रुग्ण आला तो डावा डोळा लालभडक, वेदनायुक्त व प्रकाश असह्य अशा अवस्थेत. रजा मिळत नसल्याने तो रोज पहाटे मोहदरी घाटातून मोटारसायकलनेच जात होता. अर्धे हेल्मेट, नाकातोंडावर रुमाल आणि मिटू न शकणारा डोळा उघडा! नेत्रतज्ज्ञांनी कृष्णमंडलावर व्रण असल्याचे सांगितले. दोन महिन्यांत चेहरा पूर्ववत झाला. डोळ्यात मात्र अंधुक फूल राहिले. रात्री समोरच्या वाहनाचा प्रकाश त्या डोळ्यात पसरतो, असे तो आजही सांगतो. औषधयोजना चुकली नव्हती, पण निदानपरिवर्जन केवळ कागदावर राहिले होते.

येथे दोन गोष्टी प्रांजळपणे सांगाव्या लागतील. थंड वाऱ्यामुळेच अर्दित होते असे आधुनिक संशोधनाने सिद्ध झालेले नाही. विषाणूमुळे मुखनाडीस सूज येते, असे मत त्या शास्त्रात प्रबळ आहे. तसेच अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के औषधाविनाही पूर्ण बरे होतात. तेव्हा यशाचे सर्व श्रेय आपल्या योगास देण्याची घाई नको. पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते, म्हणून असा रुग्ण आम्ही आता प्रथम त्या तज्ज्ञांकडे पाठवितो. कपाळाला आठ्या पडत असतील, अथवा वाणी वा हातपाय यांत दौर्बल्य असेल, तर पक्षाघाताचा संशय धरून तत्काळ रुग्णालयात रवानगी करावी.

प्रतिबंध

वाऱ्याचा मार्ग अडविल्याखेरीज केवळ तेल जिरवून उपयोग नाही. दुचाकीस्वारास पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात.

१. पूर्ण चेहरा झाकणारे, आयएसआय चिन्हाचे, घट्ट बसणारे हेल्मेट वापरावे व काच खाली ठेवावी. ओरखडे पडलेली काच बदलावी.

२. गळ्याभोवती घट्ट बसणारे वस्त्र व अंगाबरोबरचे जाकीट असावे. फडफडणारे कपडे वारा धरतात व मान ओढतात. लोंबता मफलर चाकात अडकण्याचा धोका असतो.

३. हँडल आवळून धरू नये. कोपरे किंचित वाकलेली, खांदे सैल, धड थोडे पुढे व गुडघे टाकीला टेकलेले ठेवावेत. भार पोट व मांड्यांवर घ्यावा.

४. मोठा ट्रक ओलांडताना त्याच्या आडोशाने वारा थांबतो व पुढे येताच एकदम आदळतो. पूल व घाटातील उघड्या वळणांवरही तसेच घडते. अशा ठिकाणी आधीच वेग कमी करावा व बाजूला अंतर राखावे.

५. दर तासाने थांबून पाणी प्यावे, मूत्रविसर्जन करावे, मान व खांदे सैल करावेत.

वेग ९० वरून ६० वर आणल्यास वाऱ्याचा भार निम्म्याहून कमी होतो. याहून स्वस्त औषध नाही.

चिकित्सेतील दक्षता

मान व खांद्यांस तीळतेल अथवा नारायण तेलाने अभ्यंग व नंतर मृदू स्वेद रात्री, घरी परतल्यावर द्यावा. स्वेदनानंतर लगेच वाऱ्यात जाऊ देऊ नये; तेलकट तळहातांनी हँडल निसटते. अणुतैलाचे नस्यही प्रवासापूर्वी नको. कर्णपूरणाआधी कानाचा पडदा अखंड असल्याची खात्री करावी. शुष्काक्षिपाकात घृततर्पण उपयुक्त असले तरी त्यानंतर दृष्टी धूसर होते, म्हणून त्या दिवशी वाहन चालविण्यास स्पष्ट मनाई करावी. नेत्रव्रण असल्यास तर्पण करू नये. डोळा मिटत नसलेल्या रुग्णाने दुचाकी पूर्णतः बंद ठेवावी, रात्री पापणी चिकटपट्टीने मिटवावी व नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने कृत्रिम अश्रू वापरावेत.

औषधी विक्रेत्या बंधूंना विनंती की, ‘गाडीवर वारा लागून डोळा लाल झाला’ असे सांगणाऱ्या ग्राहकास झोंबणारे नेत्रबिंदू अथवा चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब देऊ नयेत. व्रण असल्यास त्याने डोळा जाऊ शकतो. दुखणे, प्रकाश सहन न होणे किंवा अंधुक दिसणे असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

आमच्या रुग्णपत्रिकेत आता आहार, निद्रा व व्यसन यांच्याबरोबर वाहन, रोजचे अंतर, वेग व हेल्मेटचा प्रकार यांसाठीही एक ओळ ठेवली आहे. ती भरून घेण्यास अर्धा मिनिट लागतो. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या रुग्णपत्रिकेत ती समाविष्ट करावी, ही नम्र विनंती.