परकीय मदत : लाभ कोणाचा?

परकीय मदतीचा लाभ देणाऱ्या देशास अधिक होतो की घेणाऱ्या देशास? या प्रश्नाचा विचार आपण आपल्याच देशाच्या उदाहरणावरून करू.

अमेरिकेने १९५४ साली पी. एल. ४८० हा कायदा केला. तेथील गोदामांत शिल्लक धान्य साचले होते. त्यास परदेशी गिऱ्हाईक मिळावे, हा कायद्याचा एक उघड हेतू होता. १९५६ च्या करारानुसार तो गहू भारतात येऊ लागला. किंमत रुपयांत चुकविण्याची सवलत होती. मात्र निदान निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच नेण्याचा नियम होता. अर्थात तेथील शेतकरी व जहाजमालक या दोघांचाही फायदा झाला.

१९६५ व १९६६ मध्ये आपल्याकडे दुष्काळ पडला. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. त्यामुळे लक्षावधी लोकांच्या मुखी घास पडला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य थोडे थोडे सोडून आपल्या धोरणांवर दबाव ठेवला, हेही तितकेच खरे.

त्याच वर्षी भारताने मेक्सिकोकडून गव्हाचे १८,००० टन बियाणे विकत आणले. १९६८ मध्ये विक्रमी पीक आले.

यावरून आम्हांस असे वाटते की, देणाऱ्याचा लाभ करारातच लिहिलेला असतो. घेणाऱ्याला तो स्वकष्टाने मिळवावा लागतो. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रत्येक मदतीविषयी तीन प्रश्न विचारावेत : काय मिळाले, कोणत्या अटींवर मिळाले, आणि मदत थांबल्यावर आपल्याजवळ काय उरले?