वऱ्हाडांतील परसांतल्या कोंबड्या

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या परसांत पांच-दहा गावरान कोंबड्या असणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. सांडलेली ज्वारी, कण्या, उकिरड्यावरील किडे व वाळवी यांवर त्या राहतात, आणि अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातीं येतो. त्यांचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाहीं. तो ठेवल्यास असें आढळेल कीं, खरी हानि अंडीं थोडीं मिळाल्यानें होत नाहीं. वाढविलेले पक्षी एका आठवड्यांत मरून जातात, त्यानें होते.

या मरीचें नांव राणीखेत. कित्येक गांवीं तिला मानमोडी म्हणतात. पक्षी हिरवट पातळ हगतो, पंख सोडून बसतो, धापा टाकतो व पुढें त्याची मान मुरडते. रोग जडल्यावर त्यावर औषध नाहीं. लस आधीं टोंचली असेल तरच उपयोग. मुक्तेश्वर येथील संशोधनसंस्थेंत 1940 नंतरच्या दशकांत सिद्ध झालेली लस आजहि वापरांत आहे. पिलूं पांच ते सात दिवसांचें असतां डोळ्यांत किंवा नाकांत लासोटा लसीचा एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांचें झाल्यावर कातडीखालीं सुई, एवढेंच काम.

मग तें होत कां नाहीं? लसीची एक कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची असते, आणि एका घरीं पक्षी दहा. कुपी बर्फांत ठेवून आणावी लागते, व कालविलेली लस दोन तासांत संपवावी लागते. उरलेली पुन्हां चालत नाहीं. सबब एकट्या घरास ती महाग पडते व कोणीच आणीत नाहीं. यास उपाय एकच. पुऱ्यांतील दहा-बारा घरांनीं वार ठरवून, पहांटे कोंबड्या खुराड्यांतून सोडण्यापूर्वीं, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीनें सर्वांस एकदम लस द्यावी. शेजाऱ्याचे पक्षी मोकळे राहिले तर रोग त्यांत फिरत राहतो. बाजारांतून आणलेली कोंबडी पंधरा दिवस निराळी कोंडावी, आणि मेलेली उकिरड्यावर न टाकतां चुना घालून खोल पुरावी.

अंडीं उबविण्याचा काळहि यास जुळवून घ्यावा. वैशाखांत आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. त्या उष्म्यांत ठेवलेल्या अंड्यांतील बीज अर्धवट वाढून मरतें. खुडूक कोंबडी कार्तिक-मार्गशीर्षांत बसवावी. आठवड्याच्या आंतील दहा-बारा अंडीं पुरेत. सातव्या रात्रीं अंडें बॅटरीच्या उजेडासमोर धरावें; लाल शिरा न दिसतील तें काढून टाकावें. एकविसाव्या दिवशीं पिलें निघतात. मार्गशीर्षांतल्या पिलांस माघांत सुई मिळते, व तीं उन्हाळ्यापूर्वीं सावरतात.

आपला मुलूख कापसाचा, म्हणून एक इशारा. अंड्यावरील कोंबडीस सरकी किंवा तिची पेंड घालूं नये. सरकींतील गॉसिपॉल या द्रव्यानें ठेवणींतल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. पेरणीसाठीं औषध चोळलेलें बियाणें तर विषच होय. त्याच्या रिकाम्या पिशव्याहि परसांत झटकूं नयेत.

आतां अंडें कोणीं खावें? ज्वारीच्या भाकरींतील प्रथिनांत लायसीन या घटकाची उणीव असते. वरणानें ती बरीचशी भरून निघते, आणि अंड्यानें उत्तम भरते. गावरान अंडें लहान खरें, तरी त्यांत सुमारें पांच ग्रॅम प्रथिनें असतात. त्यास बाजारांत चढा दर मिळतो म्हणून सगळीं अंडीं विकून मुलांस चहा-बिस्किटें देणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. हा व्यवहार आम्हांस आतबट्ट्याचा वाटतो. अंडें खाणाऱ्या घरांत मुलांचीं व गरोदर बाईचीं आधीं काढून ठेवावीं, मग उरतील तीं बाजारांत न्यावीं. अंडें बलक घट्ट होईपर्यंत उकडावें. तिखट-मीठ लावून, आंबाडीची भाजी व भाकरीबरोबर दिलें कीं मुलें तें मागून खातात.