टाकाऊ पात्यांची भुकटी आणि रबर

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत. अशा यंत्राचे आयुष्य सामान्यतः 20 ते 25 वर्षे धरले जाते. त्यामुळे जुनी पाती उतरवून ठेवायची कोठे, हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. मनोऱ्याचे पोलाद भंगाराच्या बाजारात सहज खपते. पात्याला मात्र गिऱ्हाईक नाही.

याचे कारण पात्याच्या घडणीतच आहे. काचतंतूंचे थर कृत्रिम राळेत भिजवून ते घडवितात. ही राळ घट्ट होताना तिचे रेणू एकमेकांशी कायमचे सांधले जातात. लाख तापविली की पुन्हा पातळ होते. ही राळ वितळत नाही, जळते. गंधकाने पक्के केलेल्या रबराचीही हीच गत असते, ही मौजेची गोष्ट.

वितळत नाही, परंतु दळता येते. पात्याचे तुकडे करून ते घणचक्कीत बारीक करतात व चाळलेली भुकटी कच्च्या रबरात रुळांच्या यंत्रावर मिसळतात. रबरात काहीतरी भरण घालणे नवे नाही. खडूची भुकटी वा चिनी माती घातली की माल स्वस्त पडतो. काजळीने तर त्याचे बळ वाढते. ही भुकटी काजळीची जागा घेईल काय? नाही. काजळीचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. भुकटीचा कण त्याच्या शेकडो पट मोठा असतो आणि रबर त्याला नीट चिकटत नाही. प्रमाण वाढविले की रबर कठीण होते, पण ताणल्यास लवकर तुटते. सिलेन वर्गातील रसायनाचा लेप दिल्यास पकड सुधारते, खर्चही वाढतो. म्हणून टायरऐवजी पायपुसणी, जमिनीवरील जाड चटया, यंत्राखालच्या गाद्या अशा वस्तूंकडेच वळावे लागते.

दळताना उडणारी काचेची धूळ त्वचेला व श्वसनमार्गाला त्रासदायक असते. ती शोषून घेण्याची सोय नसेल तर हा उद्योग न केलेला बरा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 मध्ये अशा कचऱ्यासाठी सिमेंटच्या भट्टीचा मार्ग सुचविला. तेथे राळ इंधन होते आणि काच सिमेंटमध्ये मिसळून जाते. रबराच्या कारखानदारापुढचा हिशेब वेगळा आहे. त्याला खडूची भुकटी अत्यल्प दरात मिळते, आणि पात्याची भुकटी तिच्याहून महाग पडली तर तो ती घेणार नाही.