जुन्या नोंदींतला '२' आणि जोड आडनावे

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा जुना डेटा कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये घेतला. काही लेखकांच्या १०० क्रमांकाच्या फील्डमध्ये पहिला इंडिकेटर '२' आहे. सहकारी म्हणतात, या नोंदी चुकीच्या आहेत. सगळ्या पुन्हा कराव्या लागतील का?
– एक ग्रंथपाल, सातारा

उत्तर : मुळीच नाही. त्या नोंदी केल्या तेव्हा बरोबरच होत्या. मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाण साच्यात पूर्वी एकेरी आडनावाला '१' आणि जोड आडनावाला '२' असे. १९९६ साली '२' रद्द झाला आणि '१' म्हणजे नुसते 'आडनाव' ठरले, एकेरी असो वा जोड. 'गार्सिया मार्केस, गॅब्रिएल' हे शीर्षक होते तसेच राहते. बदलतो तो एक आकडा. त्यामुळे वाचकाला पुस्तक सापडायचे थांबत नाही. घाई कसली?

सवडीने मार्कएडिटमध्ये एकगठ्ठा बदल करा. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. बदल फक्त १००, ६००, ७०० आणि ८०० या व्यक्तिनामांच्या फील्डांच्या पहिल्या इंडिकेटरपुरता ठेवा. खरा धोका इथेच आहे. ११० मध्ये 'साहित्य अकादेमी'सारख्या संस्थेपुढचा '२' आजही वैध आहे. सरसकट 'शोधा आणि बदला' केलेत तर तो नाहक जाईल. ७०० मधला दुसरा इंडिकेटर '२' असेल, तर तोही वेगळ्या अर्थाचा. त्याला हात नको.

लेखकनामांच्या प्रमाण नोंदी ठेवत असाल तर तिथेही हाच बदल करा. आधी बॅकअप घ्या आणि दहा-वीस नोंदींवर करून पाहा.