ई-पुस्तकांची देवघेव : ग्रंथालयांचे नवे दालन

ग्रंथालयातून पुस्तक घरी नेण्याची रीत आपल्याकडे सर्वपरिचित आहे. वर्गणी व अनामत भरावी, तालिकेतून पुस्तक शोधावे, ग्रंथपालाने नोंद करावी आणि वाचकाने मुदतीत ते परत आणून द्यावे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यातील या व्यवस्थेस कायद्याचे अधिष्ठान लाभले. ई-पुस्तकांच्या बाबतीतही रीत बव्हंशी हीच आहे. तथापि वरकरणी सोप्या वाटणाऱ्या या व्यवहारात काही गुंतागुंत दडलेली असून शिक्षक, ग्रंथालयांचे कार्यकर्ते व पंचायत सदस्य यांना तिची ओळख असणे अगत्याचे आहे.

ई-पुस्तकांचा इतिहास मोबाइलच्या पुष्कळ आधी सुरू होतो. १९७१ साली मायकेल हार्ट यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर त्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि त्यातूनच ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभे राहिले. तेथील ग्रंथ प्रामुख्याने स्वामित्वहक्काची मुदत संपलेले असल्याने ते कोणीही उतरवून घ्यावेत आणि कायमचे जवळ ठेवावेत. तेथे परतीचा प्रश्नच नाही. देवघेवीचा खरा प्रश्न उद्भवतो तो ज्यांचा स्वामित्वहक्क अद्याप शाबूत आहे अशा पुस्तकांबाबत.

एक प्रत, एक वाचक

अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालये ‘ओव्हरड्राइव्ह’ या कंपनीमार्फत ई-पुस्तके देतात. २०१७ पासून तिचे ‘लिबी’ हे मोबाइलवरील साधन उपलब्ध आहे. ग्रंथालयाचा सभासद आपला कार्ड क्रमांक नोंदवून पुस्तक मागवितो. मुदत संपताच पुस्तक त्याच्या यंत्रावरून आपोआप नाहीसे होते. दंड नाही, की फाटलेल्या पानांची तक्रार नाही. परंतु पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे गेलेले असेल, तर येथेही आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते! ज्या वस्तूच्या क्षणार्धात हजार प्रती निघू शकतात तिच्यासाठी रांग कशाला, असे कोणासही वाटेल. याचे उत्तर परवान्याच्या अटींत आहे.

छापील पुस्तक विकत घेतले की ते ग्रंथालयाच्या मालकीचे होते. ते शंभर जणांना दिले तरी प्रकाशकाची पुन्हा परवानगी घ्यावी लागत नाही. ई-पुस्तकाचा मात्र बहुधा केवळ परवाना मिळतो, आणि त्याच्या अटी प्रकाशक ठरवितो. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने एका परवान्यावर पुस्तक २६ वेळाच देता येईल, त्यानंतर परवाना पुन्हा विकत घ्यावा लागेल, असा नियम केला. मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ पासून नव्या पुस्तकाच्या पहिल्या आठ आठवड्यांत प्रत्येक ग्रंथालय-व्यवस्थेस, ती कितीही मोठी असली तरी, एकच प्रत देण्याचे धोरण अवलंबिले. ग्रंथालयांनी तीव्र विरोध केला आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घेण्यात आले. लेखक-प्रकाशकांच्या उपजीविकेचा विचार झालाच पाहिजे, यात शंका नाही. परंतु जुनी छापील प्रत पंचवीस वर्षांनीही कपाटात सापडते, परवाना संपलेले पुस्तक मात्र सापडत नाही, ही बाब ग्रंथालयाचा पैसा खर्च करणाऱ्याने विसरता कामा नये.

‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेने निराळा मार्ग चोखाळला होता. आपल्या ताब्यातील छापील प्रतीचे छायांकन करावयाचे आणि जितक्या प्रती असतील तितक्याच वाचकांना एका वेळी ते द्यावयाचे, अशी ती पद्धती. २०२० च्या महासाथीत संस्थेने ही मर्यादा काही काळ उठविली. त्याच वर्षी चार मोठ्या प्रकाशकांनी दावा दाखल केला. २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. सुमारे पाच लाख पुस्तके देवघेवीतून काढून घ्यावी लागली.

मराठी वाचकांसाठी

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजली जातात. साने गुरुजींचे निधन १९५० मधील, म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. वि. स. खांडेकर १९७६ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या ग्रंथांसाठी २०३६ अखेरपर्यंत थांबावे लागेल. इंटरनेटवर मिळणारी प्रत वैध आहे किंवा कसे, हे शिक्षकांना या साध्या हिशेबाने पुष्कळदा ताडून पाहता येईल.

शासनाच्या प्रकाशनांची स्थिती अधिक सुखद आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले अनेक ग्रंथ, आणि बालभारतीने पाठ्यपुस्तके, अशीच खुली केली आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने खरगपूरच्या आयआयटीने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आले. ते मुख्यतः एक विशाल तालिका आहे, मूळ ग्रंथ ज्या संस्थेकडे असेल तेथे ती वाचकास नेऊन पोचविते. काही ग्रंथ त्या संस्थेच्या सभासदांपुरतेच मर्यादित असतात.

शोध घेताना मात्र चिकाटी हवी. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात छायांकित झालेल्या कित्येक मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, तीही वाटेल तशी, नोंदलेली आहेत. जुन्या लेखनपद्धतीची अडचण आणखी वेगळी. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीच्या नावातील ‘लक्षांत’ हा शब्द अनुस्वारासह छापला जात असे. १९६२ च्या नियमांनी शिकलेला विद्यार्थी तो अनुस्वाराविना शोधणार आणि यंत्र त्यास पुस्तक नाही म्हणून सांगणार. म्हणून ग्रंथनाम, लेखकाचे आडनाव, ‘हरि’ व ‘हरी’ अशी दोन्ही रूपे, आणि शेवटी रोमन अक्षरे, असे सर्व प्रयत्न करून पाहावेत. अनुभवी ग्रंथपालाची गरज येथे संपत नाही, उलट वाढते.

या नव्या दालनाचा सर्वाधिक लाभ ज्यांना छापील पुस्तक वाचताच येत नाही त्यांना होणार आहे. अंध व्यक्तींसाठी सुलभ प्रती करण्याची व त्या देशोदेशी पाठविण्याची वाट मोकळी करणारा माराकेश करार २०१३ साली झाला आणि २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. तत्पूर्वीच, २०१२ च्या दुरुस्तीने, आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांगांसाठी तशी सवलत आली होती. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’त अशा वाचकांना विविध भारतीय भाषांतील पुस्तके सुलभ स्वरूपात मिळतात. सभासदत्वासाठी छापील मजकूर वाचण्यातील असमर्थतेचा पुरावा लागतो. खेड्यातील विद्यार्थ्याची गाडी बहुधा याच कागदापाशी अडते. तो मिळवून देण्याचे काम मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायत सदस्य यांनी अंगावर घेतल्यास पुढील नोंदणी गावच्या ग्रंथालयातील एका संगणकावरही होऊ शकते.